लालाचं निळं होईपर्यंत

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाईंग हाउसमध्ये माझे मामा पाणी बघायचे. त्यांच्या कामाला तिथे दुसरं नाव नव्हतं. टॉवेलचं सूत रंगायला जाण्याआधी पाणी 'बरोबर' आहे का, हे ते ठरवायचे. सुट्टीत मी डबा द्यायला जायचो, तेव्हा त्यांच्या टेबलावर एक काचेचा चंबू, एक ब्यूरेट आणि औषधाच्या बाटल्यांसारख्या दोन-तीन तपकिरी बाटल्या असायच्या. चंबूत बोअरचं पाणी घ्यायचं, कसलेसे थेंब टाकायचे, की पाणी द्राक्षाच्या दारूसारखं लाल व्हायचं. (ही उपमा आजची. तेव्हा मला ते रसना वाटायचं.) मग ब्यूरेटमधून एकेक थेंब सोडत चंबू हलवत राहायचं. लाल, लाल, जांभळट आणि एका थेंबाला अचानक निळं. किती मिली लागले ते रजिस्टरमध्ये लिहायचं. सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्याची तीच परीक्षा केली की पहिल्याच थेंबाला निळं व्हायला हवं. नाही झालं, तर रेझिन थकलं. मग मिठाचं पाणी सोडून त्याला पुन्हा ताजं करायचं.

मामा मुळात विणकामाकडचे, रसायनशास्त्राची पदवी वगैरे त्यांच्याकडे नव्हती. पण जड पाण्याचा रंगावर काय परिणाम होतो, हे ते कुठल्याही पदवीधराइतकं नेमकं सांगायचे. सुती धागा रिअॅक्टिव्ह रंगाने रंगवताना रंग धाग्यात बसावा म्हणून मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट लागतं. गडद रंगाला लिटरमागे ६० ते ८० ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम असतात. म्हणजे समुद्रापासून तीनेकशे किलोमीटर आत, दुष्काळी म्हणवणाऱ्या जिल्ह्यात, रंगाच्या टाकीतलं पाणी समुद्राच्या दुप्पट खारट असायचं. त्या खारटपणाची कुणाला भीती नव्हती. भीती होती ती कॅल्शियमची. मिठानंतर रंग पक्का करायला सोडा अॅश टाकतात. पाण्यात कॅल्शियम असेल तर सोड्यातलं कार्बोनेट त्याला पकडतं आणि खडू होऊन सुतावर बसतं. नंतर टॉवेलवर फिकट चट्टे दिसतात.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हटलेलं होतं. साबणाला फेस येऊ न देणारं, दुष्ट फेसाचं पाणी. पारिभाषिक शब्दांवर आपण हसतो खरं, पण हा शब्द केवढा अचूक आहे, हे मला फार नंतर कळलं. कारण पाण्याचा जडपणा मोजण्याचा इतिहास फेसापासूनच सुरू होतो.

थॉमस क्लार्क हे स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनला रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. पाण्याच्या नमुन्यात ठरावीक ताकदीचं साबणाचं द्रावण थोडं थोडं घालून बाटली हलवायची आणि टिकणारा फेस येईपर्यंत किती साबण खर्ची पडला ते मोजायचं, ही त्यांची पद्धत. एका गॅलनमध्ये एक ग्रेन खडू म्हणजे एक अंश. पुढे फ्रेंचांनी आपले अंश काढले, जर्मनांनी आपले. लिटरमध्ये दहा मिलीग्रॅम कॅल्शियम ऑक्साइडइतका जडपणा म्हणजे एक जर्मन अंश. बॉयलर, धोबीखाने, गिरण्या आणि रंगशाळा या सगळ्यांचा धंदा या अंशांवर चालायचा.

क्लार्क यांनी १८४१ साली आणखी एका गोष्टीचं पेटंट घेतलं. जड पाणी मऊ करायचं असेल तर त्यात चुना घाला. ऐकायला हे उफराटं वाटतं. ज्या पाण्यात चुनाच जास्त आहे, त्यात आणखी चुना? पण पाण्यातलं कॅल्शियम विरघळून राहतं ते बायकार्बोनेटच्या सोबतीने. चुन्याने त्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, आणि मग आधीचं आणि नवं, दोन्ही कॅल्शियम खडू होऊन तळाशी बसतं. मी मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काय बे, चुना लावून पाणी सुधारतंय व्हय?" मग थोडं थांबून म्हणाले, "पण बसंल खाली. बसायलाच पायजे."

मामांच्या चंबूतला लाल-निळा खेळ मात्र क्लार्कच्या साबणापेक्षा शंभर वर्षांनी तरुण आहे, आणि तो जन्माला आलाय थेट कापडधंद्याच्या पोटातून. १९३० च्या दशकात जर्मनीच्या कापड उद्योगात पाण्यातलं कॅल्शियम बांधून ठेवायला सायट्रिक आम्ल वापरत. ते परदेशातून आणावं लागे. त्याला देशी पर्याय शोधताना आय. जी. फार्बेन कंपनीतले फर्डिनांड म्युन्झ यांनी १९३५ मध्ये एक रेणू तयार केला. तो कॅल्शियमच्या आयनाला खेकड्यासारखा सगळ्या बाजूंनी पकडतो. तोच आज ईडीटीए म्हणून ओळखला जातो. शांपूच्या बाटलीवर, लोणच्याच्या डब्यावर त्याचं नाव सापडेल. १९४० च्या दशकात झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी हा खेकडा मोजपट्टी म्हणून वापरता येईल हे दाखवलं. ईडीटीएचा एक रेणू धातूचा एक आयन पकडतो, म्हणून किती ईडीटीए लागलं ते कळलं की कॅल्शियम-मॅग्नेशियम किती होतं ते कळतं. प्रश्न एवढाच, की सगळे आयन पकडून झाले हे डोळ्याला दिसायचं कसं? त्यासाठी जो रंग वापरतात, तो एरिओक्रोम ब्लॅक टी. कॅल्शियम-मॅग्नेशियमसोबत असला की लाल, एकटा पडला की निळा. आणि हा मुळात लोकर काळी रंगवायचा रंग. स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीच्या रंगांच्या यादीतला.

म्हणजे रंगाऱ्यांच्या पाण्यासाठी शोधलेला पदार्थ आणि रंगाऱ्यांच्याच पातेल्यातला रंग, एवढ्यावर ती परीक्षा उभी आहे. मामांच्या टेबलावर ती असण्यात नवल काहीच नव्हतं. नवल वाटलं ते ती मला दुसऱ्यांदा भेटली तेव्हा.

नोकरीच्या निमित्ताने मी काही महिने फ्रांकफुर्टजवळ होतो. टीममधल्या एका सहकाऱ्याने रविवारी जेवायला बोलावलं. त्याच्या दिवाणखान्यात तीनशे लिटरची काचेची टाकी होती आणि तिच्यात जिवंत प्रवाळ. हिरवे, जांभळे, फांद्याफांद्यांचे. जेवणाआधी तो म्हणाला, पाच मिनिटं थांब, पाणी बघून घेतो. त्याने एका छोट्या बाटलीत टाकीतलं पाणी घेतलं, पूड टाकली, गुलाबी झालं. सिरिंजमधून थेंब थेंब सोडत बाटली हलवत राहिला. एका थेंबाला निळं. मग वहीत आकडा लिहिला. मी हातातला ग्लास खाली ठेवला.

कॅल्शियम ४२०, म्हणाला. आणि 'कार्बोनेट जडपणा' आठ जर्मन अंश. आठ! बॉयलरचे, धोबीखान्याचे तेच अंश. जगभरचे प्रवाळ पाळणारे लोक, अमेरिकेतलेसुद्धा, आजही आपल्या पाण्याचं वर्णन या जर्मन अंशांत करतात. त्याला 'डीकेएच' म्हणतात. खरं तर समुद्राच्या पाण्याला ते नाव शोभत नाही. तिथे जे मोजलं जातं ते बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद. खायचा सोडा घातला तरी हा 'जडपणा' वाढतो, आणि सोड्यात कॅल्शियमचा एक कणही नसतो. पण मोजमापांची नावं अशी चिकटतात. आमच्या क्षेत्रात फाइल 'सेव्ह' करायचं चिन्ह अजून फ्लॉपीचं आहे, तसंच.

मग सहकाऱ्याने मागच्या बाजूचा एक डबा दाखवला. तळाशी पांढरा गाळ, वर नितळ पाणी. या पाण्याचे थेंब रात्रभर टाकीत पडत राहतात. याला म्हणतात 'काल्कवासर'. मी वाकून बघितलं. ही तर चुन्याची निवळी! आजीच्या फळीवरची. कोहळ्याचा पेठा करताना फोडी जिच्यात बुडवत, लहान मुलांना जी चमचाभर पाजायची पद्धत होती, ती.

घरात समुद्र ठेवण्याच्या प्रयत्नांत कॅल्शियमचं महत्त्व कळायला शंभराहून जास्त वर्षं लागली. १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन आणि फिलिप हेन्री गॉस यांनी समुद्री जीव काचेच्या टाकीत जगवून दाखवले आणि तिथे मत्स्यपेटीचं वेडच पसरलं. लंडनच्या लोकांना समुद्राचं पाणी आणणं महाग पडे, म्हणून गॉस यांनी कृत्रिम समुद्राची कृती दिली. मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड. बस्स, चार क्षार. कॅल्शियम नाहीच. त्यांच्या हाताशी समुद्राच्या पाण्याचं पृथक्करण होतं आणि त्यात चुना दिसत होता, पण तो इतका थोडा की साध्या पाण्यातून येईल तेवढा पुरे, असा हिशेब. गंमत म्हणजे तो हिशेब त्यांच्या कामापुरता चालून गेला. त्यांच्या टाकीत शैवाल होतं, समुद्रफुलं होती. दिवसाकाठी सांगाडा बांधणारं कुणी नव्हतं.

आपल्याकडे १९०९ साली मद्रासला आणि १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. तारापोरवाला नावाच्या पारशी दात्याच्या दोन लाखांच्या देणगीमुळे त्याला ते नाव मिळालं आणि उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी केलं. सोलापूरहून मुंबईची सहल निघाली की राणीची बाग आणि तारापोरवाला ठरलेलं. मीही तिथेच पहिल्यांदा समुद्री मासे पाहिले. मत्स्यालय समुद्रासमोर असलं की रसायनशास्त्राचा अर्धा प्रश्न सुटतो, कारण पाणी बदलता येतं. १९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपल्या टाक्यांबद्दल लिहिलं, त्यांचंही रहस्य हेच होतं. ताजं समुद्राचं पाणी, जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन. युरोपातल्या लोकांनी ती नक्कल केली तेव्हा त्यांच्याकडे ऊनही नव्हतं आणि समुद्रही. प्रवाळ काही महिने तग धरत आणि मग गळून जात.

दरम्यान समुद्रकिनाऱ्यावरच्या शास्त्रज्ञांनी वेगळ्या बाजूने हात घातला होता. जमैकात थॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून, प्रवाळ सांगाड्यात ते किती वेगाने बसवतो हे मोजलं. १९५९ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामातून दिसलं की उजेडात हा वेग अंधाराच्या कितीतरी पट असतो. प्रवाळाच्या पेशींत राहणारं शैवाल उजेडात अन्न करतं, आणि यजमान त्या बळावर बांधकाम करतो. प्रवाळ हा गवंडी आहे आणि त्याला रोज चुना लागतो, हे आता आकड्यांत आलं.

रोज किती? गणित सोपं आहे, करूनच बघू. तीनशे लिटरच्या टाकीतल्या प्रवाळांनी मिळून १५ ग्रॅम सांगाडा बांधला, तर लिटरमागे कॅल्शियम २० मिलीग्रॅमने घटतं. ४२० चं ४००. कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण त्याच बांधकामात कार्बोनेटचा साठा २.८ जर्मन अंशांनी उतरतो. समुद्रात मुळात साडेसहा-सात अंशच असतात. म्हणजे एका बाजूला खात्यातले पाच टक्के गेले आणि दुसऱ्या बाजूला चाळीस. म्हणून अनुभवी माणूस कॅल्शियम आठवड्याला बघतो आणि अंश रोज. सुरुवातीच्या लोकांना माहीत नव्हतं ते हेच. दोन्ही सोबत खर्च होतात, पण एकाची तिजोरी फार लहान आहे.

१९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी युरोपातल्या छंदिष्टांना चुन्याच्या निवळीची वाट दाखवली. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, ते भरून काढायचंच असतं. साध्या पाण्याऐवजी निवळीने भरा. निवळीत कॅल्शियम आहे, आणि तिचा अल्कधर्म हवेतला, माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषून बायकार्बोनेट तयार करतो. प्रवाळाला हव्या त्याच प्रमाणात दोन्ही गोष्टी, आणि मागे कचरा शून्य. पुढच्या दशकात बर्लिनच्या मंडळींनी, डीट्रिश श्ट्युबर हे त्यातलं मोठं नाव, निवळी, जिवंत खडक आणि फेसाने घाण बाहेर काढणारं यंत्र यांच्या जोरावर फांद्यांचे प्रवाळ नुसते जगवले नाहीत, वाढवले. फांदी तोडून शेजाऱ्याला द्यायची, त्याने वाढवून पुढे द्यायची. जास्वंदीची फांदी मागावी तसं.

निवळीला एक मर्यादा आहे. लिटरभर पाण्यात चुना दीड-दोन ग्रॅमहून जास्त विरघळतच नाही, आणि पाणी उडेल तेवढीच निवळी घालता येते. प्रवाळ मोठे झाले की ती पुरत नाही. घाई करून जास्त ओतली तर पीएच उसळतो आणि टाकीत पांढरं धुकं पसरतं. सगळं कॅल्शियम खडू होऊन खाली. ते क्लार्क यांचंच पेटंट, नको त्या जागी चालू झालेलं. १९९० च्या दशकात हान्स-वेर्नर बालिंग यांनी कॅल्शियम क्लोराइड आणि खायचा सोडा वेगवेगळ्या बाटल्यांतून, वेगवेगळ्या वेळी घालायची रीत मांडली. प्रवाळाने दोन्हीतलं हवं ते घेतलं की मागे उरतं साधं मीठ, आणि त्याचा समतोल कसा ठेवायचा हेही त्यांनी सांगितलं. नंतर अमेरिकेच्या रँडी होम्स-फार्ले यांनी किराणा दुकानातला सोडा ओव्हनमध्ये भाजून वापरायची कृती सगळ्यांसाठी खुली केली. भाजलेला खायचा सोडा म्हणजे सोडा अॅश. रंगाच्या टाकीत पडतो तोच. (हे होम्स-फार्ले पेशाने औषधरसायनवाले. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या शरीरातलं फॉस्फेट बांधणाऱ्या औषधाच्या शोधात त्यांचा वाटा आहे. फॉस्फेट प्रवाळाच्या बांधकामालाही नडतंच. माणसाला घरीदारी एकच शत्रू असावा, हे नशीबच.)

बाटल्या वेगळ्या का, हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. मी बारावीत असताना मामांच्या डाईंगमध्ये एक्स्पोर्टचा एक मोठा लॉट खराब झाला. गडद निळ्या टॉवेलांवर फिकट ढग. सकाळच्या नमुन्यात सॉफ्टनरचं पाणी बरोबर होतं, रजिस्टरमध्ये तशी नोंद होती. दुपारी रेझिन थकलं असणार. त्या दिवशी पाणी जास्त ओढलं गेलं आणि दुसरा नमुना घ्यायला मामांना सवड मिळाली नव्हती, कारण त्यांना दुसऱ्याच कामाला जुंपलं होतं. मीठ आत, सोडा आत, पाण्यात कॅल्शियम हजर. खडू टाकीच्या तळाशी बसण्याऐवजी सुतावर बसला. ठपका मामांवर आला. पगारातून पैसे कापले, वर्षभरात त्यांनी ती नोकरी सोडली. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही. मला तेव्हा वाटायचं की मामांच्या हातून मोजण्यात काही चूक झाली. फ्रांकफुर्टहून परतताना विमानात मी पहिल्यांदा नीट विचार केला. मोजणी चुकली नव्हती. दिवसात एकदाच मोजणं चुकलं होतं, आणि किती वेळा मोजायचं हे मामा ठरवत नव्हते.

समुद्रातून प्रवाळ काढून त्याचा चुना भाजण्याचा आपला इतिहास लांबचा नाही. तमिळनाडूत मन्नारच्या आखातातले प्रवाळ खणून चुन्याच्या धंद्याला पुरवले जात. कोकणात शिंपले भाजून चुना करत. सांगाड्याचा चुना होतो, चुन्याची निवळी होते आणि निवळीचा परत सांगाडा होतो, एवढंच त्या बर्लिनच्या मंडळींनी उलटं फिरवलं. पण हे फिरवणं फक्त छंदापुरतं राहिलं नाही. अमेरिकेत अॅरिझोनाच्या वाळवंटात बायोस्फिअर-२ नावाच्या काचघरात साडेसव्वीस लाख लिटरचा समुद्र बांधला होता, प्रवाळांसकट. तिथे ख्रिस लँग्डन आणि सहकाऱ्यांनी पाण्यात तेच कॅल्शियम क्लोराइड, तोच सोडा कमी-जास्त करून प्रवाळांचं बांधकाम मोजलं. २००० साली त्यांनी निष्कर्ष मांडला. पाण्यातलं कार्बोनेट जसं घटतं, तसं बांधकाम मंदावतं, आणि प्रवाळ त्याला सरावत नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून नेमकं तेच कार्बोनेट घटवतो आहे. तोवर अनेकांची समजूत होती की समुद्रात कॅल्शियम भरपूर आहे, तेव्हा प्रवाळांना काय कमी? पण लहान तिजोरी दुसरी होती. छंदिष्ट लोक ती आधीपासूनच रोज मोजत होते.

परत आल्यावर मलाही टाकी करायची होती. खर्चाचा तक्तासुद्धा केला होता. मग कायदा वाचला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सांगाडा बांधणारे सगळे प्रवाळ आहेत. वाघ आहे त्याच यादीत. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या अठरा छोट्या वसाहती हलवायच्या होत्या, तर त्यासाठी वनखात्याची परवानगी आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे तज्ज्ञ लागले. बाजारात पिशवीत बांधून जे मिळतं, ते कुठून आलं हे दुकानदार सांगत नाही, आणि मला ते न विचारता घ्यायचं नव्हतं. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे जाऊन पाण्यात डोकं घालून बघून आलो. पाणी गढूळ होतं, प्रवाळ तपकिरी आणि बसके, जर्मनीतल्या टाकीसारखे भडक नव्हेत. तक्ता डिलीट केला.

सहकाऱ्याने निघताना भेट दिलेली कॅल्शियमची किट मात्र माझ्याकडे आहे. दिवाळीत ती सोलापूरला नेली. मामा आता घरीच असतात. मी त्यांना बाटली दिली, सूचनापत्रिका जर्मन होती, ती त्यांनी बघितलीही नाही. अंगणातल्या बोअरचं पाणी घेतलं, पूड टाकली, प्रकाशाकडे धरून हलवली. गुलाबी. "हे आपलंच हाय की," म्हणाले. मग सिरिंज घेतली आणि मला म्हणाले, "तू मोज. मी रंग बघतो."